गोदूताईंचे चिंचोके

शाळेतून परतत होते. दापोडीच्या रेल्वे फाटकाशी गोदूताईचे यजमान गणपतराव उभे दिसले आणि मी थांबले. शिफ्ट सोडून हा माणूस कधी असा उभा राहायचा नाही. "बाई, आमची गोदू गेली," एवढंच बोलले... त्याला आता महिना होऊन गेला. अजूनही घरी येताना मी तिच्या दाराकडे बघतेच.

गोदूताई आमच्या चाळीतल्या बायकांची भिशी चालवायची, आणि भिशीत शिरणाऱ्या प्रत्येकीची आधी परीक्षा घ्यायची. चिंचोक्यांचा डबा पुढ्यात ओतून म्हणायची, "ह्यो तुज्या मालकाचा पगार. मांड." ती बाई भाडं, वाणी, पोरांची शाळा अशा राशी मांडायची. मांडून झालं की गोदूताई मूठभर चिंचोके उचलायची. "पोराला ताप आला. आता गं?" जिनं अडीअडचणीची रास वेगळी ठेवलेली असे, ती पास. बाकीच्यांना शिव्या घालून, चहा पाजून ती पुन्हा मांडायला बसवायची.

एकदा आम्ही तिलाच बसवलं. तिनं झटक्यात मांडलं. अडीअडचणीची रास तर केवढी! "ह्ये मालकाचं, ह्ये सासूबाईंचं, ह्ये पोरांचं."

"आणि तुझे कुठले?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीया, बाई?" ती हसत सुटली. आम्हीही हसलो.

पुढे वर्षभर ती पोट धरून चालायची. विचारलं की "वात हाय" म्हणायची. घरात पैसे नव्हते असं नाही. अडीअडचणीचे होते, पण ते मालकाचे, सासूबाईंचे, पोरांचे. पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मला तिचा राग येतो. सगळ्या चाळीला शिकवलं आणि स्वतः नापास झाली! राग ओसरला की रडू येतं, ते मात्र लवकर थांबत नाही.

डबा आता माझ्याकडे असतो. परवा भिशीला चाकणकडची एक नवी सून आली. डबा उघडायला माझा हात होईना, शेवटी शेजारच्या कोंडाबाईनं उघडला. पोरीनं सगळं नीट मांडलं, अडीअडचणीचंही, नवऱ्याचं, सासूचं, सासऱ्यांचं असं वेगवेगळं. मी पास म्हणणार, तेवढ्यात कोंडाबाई खाली वाकली.

"समदं झ्याक हाय. पन ह्यात तुजं कुठं हाय गं?"

पोरगी गोंधळून आमच्या तोंडांकडे बघू लागली... कुणीच हसलं नाही. मग तिनं सासऱ्यांच्या वाट्यातले थोडे चिंचोके उचलले आणि स्वतःच्या पुढ्यात ठेवले.