मोटरची तार कापून केलेलं हत्यार

गारगोटीच्या कडेचे कपचे दाबून उडवून धारदार पातं काढायला तांब्याचं टोक लागतं, म्हणून मी विहिरीवरच्या मोटरच्या पेटीतून जमिनीत गेलेली तार कापली. नुसती मातीत तर पुरलीय, असं वाटलं! बाभळीच्या दांड्यात ठोकल्यावर हत्यार लई भारी झालं. पळत जाऊन वायरमन दादाला दाखवलं.

"आरं येड्या, ही अर्थिंग हाय! पेटीत करंट उतरला तर हीच वाचवती. आण्णा कुठंयत?"

आण्णा म्हणजे माझे वडील, आत्ताच मोटर चालू करायला गेल्ते. अनवाणी!

 उसातून पळालो, पण ओरडायला आवाजच फुटेना. आण्णांचा हात लोखंडी पेटीकडं चाललेला. मी हातातलं हत्यार विहिरीत फेकलं. धप्पकन आवाज झाला आणि आण्णा वळले.

"हिरीत काय टाकलंस रं?"

मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडलाच न्हाई.