पैसे आले, पण कोणाचे?

"मॅडम, एकदाच बघून सांगा. पैसे खरंच आलेत ना? मग मी याला चावी देते आणि मोकळी होते."

रेजिनाबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. पर्स घट्ट धरलेली. पर्समध्ये गाडीच्या दोन्ही चाव्या, आरसी आणि सह्या केलेले फॉर्म. मागे सोफ्यावर गाडी घेणारा तरुण बसला होता, रोहित नावाचा.

मी तेव्हा अंधेरीतल्या एका बँकेत ऑपरेशन्स बघायचे. म्हणजे पैसे आले, गेले, अडकले, चुकीच्या खात्यात पडले, की माणूस माझ्या टेबलाशी यायचा. रेजिनाबाई आमच्या जुन्या खातेदार. वर्सोव्याला राहणाऱ्या, स्वतःचा मासळीचा धंदा, नवऱ्याची बोट. त्या बोटीचं इंजिन निकामी झालं होतं आणि पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बोटी समुद्रात जायला थोडेच दिवस उरले होते. म्हणून घरची सात सीटची गाडी विकायला काढली. ऑनलाइन जाहिरात टाकली आणि लगेच रोहितचा फोन आला. पावणेपाच लाख सांगितले, त्याने घासाघीस न करता हो म्हटलं.

बाईंनी काळजी घेतली नव्हती असं नाही. चेक नको म्हणाल्या, कारण चेक परत येतो. मोबाइलवर दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही, हेही त्यांना माहीत होतं. "बँकेत जाऊ, मॅडम बघतील, मगच चावी," असं त्यांनी रोहितला तोंडावर सांगितलं होतं. तो लगेच तयार झाला.

मी खातं उघडलं. पैसे आले होते. पूर्ण रक्कम, जमा, क्लिअर. 'आलेत' एवढं म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण पाठवणाऱ्याचं नाव होतं निर्मला कुळकर्णी.

"बाई, गाडी घेणाऱ्याचं आडनाव काय?"

"शिंदे. का हो?"

मी रोहितला टेबलाशी बोलावलं. "हे पैसे तुमच्या खात्यातून आले नाहीत."

"मावशी आहे माझी," तो सहज म्हणाला. "अकोल्याला असते. गाडी तिच्याच पैशांनी घेतोय ना."

"मग मावशींना जरा फोन लावता?"

"ती हॉस्पिटलमध्ये आहे. फोन नाही उचलणार."

असं असू शकतं. आपल्याकडे मुलाच्या गाडीला बाप पैसे देतो, भाच्याला मावशी देते. पण आमच्या धंद्यात याला थर्ड पार्टी पेमेंट म्हणतात, आणि तिथे थांबून विचारावं लागतं. कारण पैसे चोरीचे निघाले तर पोलीस ते ज्या खात्यात पोहोचले, त्या खात्यावर होल्ड लावतात. होल्ड म्हणजे पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत. गाडी गेलेली असते, पैसे अडकलेले असतात.

मी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब तिमाही टार्गेटच्या मीटिंगला निघाले होते.

"राणे, पैसे क्लिअर आहेत ना? मग भाचा कोण, मावशी कोण, हे बघणं आपलं काम आहे का?"

"उद्या होल्ड आला तर बाई माझ्याच टेबलाशी येणार, साहेब."

"तुम्हाला काय वाटतं, मुलगा फ्रॉड आहे?"

"माहीत नाही. एक फोन करते अकोल्याला."

"करा. पण कस्टमरला तासभर बसवून ठेवू नका."

निर्मलाबाईंचं खातं आमच्याच बँकेच्या अकोल्याच्या शाखेत होतं, म्हणून हे जमलं. दुसरी बँक असती तर ईमेल पाठवून वाट बघत बसले असते. तिथे देशपांडे नावाच्या मॅडमनी फोन उचलला. मी नाव सांगितलं, सकाळची ट्रान्सफर सांगितली.

"निर्मलाताई? अहो, त्या आत्ता माझ्यासमोर बसल्यात," देशपांडे मॅडम म्हणाल्या. "सकाळी एक एफडी मोडून गेल्या. आता दुसरी मोडायला आल्यात."

"हॉस्पिटलमध्ये नाहीत?"

"छे हो. ठणठणीत आहेत." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण आज काहीतरी वेगळं चाललंय. कानात इयरफोन आहे. मी काही विचारलं की आधी थांबतात, मग उत्तर देतात."

असे प्रकार आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितले होते. कोणीतरी पोलीस असल्याचं भासवून फोन करतो, 'तुमच्या नावावर गुन्हा आहे, तपासासाठी पैसे या खात्यात भरा, फोन ठेवलात तर अटक' म्हणतो आणि माणसाला तासन्‌तास लाइनवर धरून ठेवतो.

"त्यांचा फोन काढून घ्या," मी म्हटलं. "आधी तेवढं करा, प्लीज."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एका म्हाताऱ्या बाईचा रडवेला आवाज: "अहो, बंद नका करू! ते मला अटक करतील!"

तो फोन बंद झाला आणि मिनिटभरात आमच्या शाखेत रोहितचा फोन वाजला. त्याने माझ्याकडे पाहिलं, उठला. "इथे नेटवर्क नाहीये, बाहेर जाऊन बोलतो," म्हणाला. मी वॉचमनला हाक मारेपर्यंत तो रिक्षात बसला होता.

रेजिनाबाईंना अजून काहीच कळलं नव्हतं. "अरे, हा कुठे चालला? चावी नको याला?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. त्यांनी पर्स उघडून दोन्ही चाव्या आहेत ना ते पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे त्या म्हातारीने माझ्या गाडीचे पैसे भरले? तिला माहीत पण नाही?"

"नाही. तिला वाटलं, सरकारी खात्यात भरतेय."

डाव साधा होता. चोरीचे पैसे स्वतःच्या खात्यात घेतले तर पकडले जाणार. म्हणून ते थेट गाडीवाल्याच्या खात्यात टाकायचे आणि गाडी घेऊन पसार व्हायचं. मागे उरतात दोन माणसं. एकाचे पैसे गेले, दुसऱ्याची गाडी.

"मग आत्ताच परत पाठवा ना तिचे पैसे," रेजिनाबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. पण असे पैसे आपल्या मनाने कुठे पाठवायचे नसतात. बाईंनी लेखी अर्ज दिला, आम्ही दोघी पोलीस स्टेशनला गेलो, तिकडे अकोल्यात निर्मलाबाईंनी तक्रार केली. रोहितने दिलेल्या आधारच्या झेरॉक्सवरचा माणूस तिसराच निघाला.

इतकं सगळं वेळेत करूनही दुसऱ्या दिवशी रेजिनाबाईंच्या अख्ख्या खात्यावर होल्ड आला. मासळीचे पैसेही अडकले. त्या आल्या आणि भर शाखेत माझ्यावर ओरडल्या, "मी खरं वागले त्याची ही शिक्षा काय? बर्फवाल्याला काय देऊ, तुमची पासबुकं?" त्यांचा अर्ज, तक्रारीची प्रत, सगळं जोडून मी पोलिसांकडे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे होल्ड फक्त त्या पावणेपाच लाखांपुरता राहिला. ती रक्कम कोर्टाचा आदेश आल्यावर निर्मलाबाईंना मिळाली. त्यांनी या प्रकाराच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच एका खात्यात भरलेले पैसे मात्र गेले ते गेलेच. पण दुसरी एफडी शाबूत राहिली.

गाडी पुढे कांदिवलीच्या एका डेंटिस्टने घेतली, थोडी कमी किमतीत. त्याने माझ्यासमोर बसून स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवले. बोटीला नवं इंजिन तोवर उधारीवर बसवून झालं होतं. बोट इतरांच्या मागून, पण निघाली.

रोहितचं काय झालं, मला माहीत नाही. कोणी कळवलं नाही.

गाडी विकणारे मला आजही विचारतात, पैसे आलेले कसे ओळखायचे. ते सोपं आहे, बँकेचं ॲप उघडा, दिसतं. त्याच्या शेजारी पाठवणाऱ्याचं नाव असतं, तेही वाचा. ते नाव गाडी घेणाऱ्याचं नसेल तर चावी खिशात ठेवा आणि बँकेत या. कोणी म्हणालं की पैसे चुकून आले, या दुसऱ्या खात्यात परत टाका, तर मुळीच टाकू नका. आणि गिऱ्हाईक घासाघीस करत नसेल, तर खूश होण्याआधी त्याला एक चहा पाजा आणि जरा बोलत बसा.