कुडव्याचे मिस्त्री आणि आमचा टिलर

आमच्याकडे बैल नव्हते. त्यामुळे धानाचं खाचर, आमची बांधी, चिखलायला कुणाची तरी जोडी मिळायची ती गावातल्या सगळ्यांची कामं आटोपल्यावर. त्या बदल्यात आईबाबा त्यांच्या रोवण्याला राबायचे. तोवर आमचे पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, वाढून पिवळे पडायचे. उशिरा रोवलेलं धान भरत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

मी बीए झाले त्या उन्हाळ्यात एक नर्सरीवाला बाबांना म्हणाला, "तो टिलर घेऊन जा, नुसती जागा अडवून राहिला." दांडे धरून ज्याच्या मागे चालायचं, तसला बागेतला छोटा ट्रॅक्टर. सोबत रोटाव्हेटर, नांगर आणि चिखलात चालायची लोखंडी चाकं. सगळ्यावर वेल चढलेले. आम्ही ते कुडव्याला मिस्त्रींकडे नेलं.

असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. मशीन समोर आलं की हे आधी पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला बसत. घोटणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बाबांनी मध्येच तोंड उघडलं, तर यांनी पुन्हा पहिल्यापासून घोटायला घेतलं. शेवटी निकाल आला, "मेला नाही. झोपून राह्यला."

मग माझ्याकडे बघून, "शिकली का तू?"

"बीए झाले," मी जरा मोठ्यानेच सांगितलं. आमच्या घरात पहिलीच होते.

"मंग धर पाना, बीए."

तेव्हापासून माझं तेच नाव. गंजलेले नट डिझेलमध्ये भिजवून घासायचं काम माझं. वेळ लागला की मिस्त्री म्हणत, "काऊन वं बीए, नट घासून राह्यली का नवरदेव सजवून राह्यली?"

बेरिंगसाठी गोंदियाला गेलो, तर दुकानात त्यांची हिंदी सुरू झाली. "हमको मत सिखाओ, सेठ. ये हमारे मशीन को नहीं जमता." दुकानदार बिचारा मराठीतच बोलत होता.

रोटाव्हेटरची पाती त्यांनी मला एकटीला लावायला दिली. काही डावीकडे वाकलेली, काही उजवीकडे. मी शिकलेल्या माणसासारखी वर्गवारी केली. डावी सगळी डाव्या बाजूला, उजवी सगळी उजव्या. मिस्त्रींनी पाहिलं आणि खर्रा काढला.

टिलर बांधीत उतरला, आणि चालला! मागे वळून बघते तर मधोमध नाली आणि दोन्हीकडे चिखलाचे ढीग. अशा बांधीत पाणी सारखं राहत नाही. पऱ्हे रोवायला आलेले. बाबांचं तोंड उतरलं.

मिस्त्री बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून हसत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ना."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त तू हो म्हटलं असतं, अन् इसरली असती. एक डावं, एक उजवं, असं लाव. मी काय जनमभर तुया बांधीत येऊन राहीन?"

दुपारपर्यंत मी सगळी पाती बदलली. त्या वर्षी गावात आमचा रोवणा दुसऱ्या नंबरावर झाला.

मिस्त्री दोन वर्षांनी गेले. त्यांच्या जागी आता मोबाइलवाला बसतो. माणूस चांगला आहे, फक्त लगेच बोलतो.

यंदा त्याच टिलरने मी आधी आमची बांधी चिखलली, मग बैल नसलेल्या चार घरांच्या. पाचही घरांचा रोवणा वेळेत झाला.