पल्लवीच्या नावापुढे मी केलेली सही

१. मंगळवारी सकाळी पल्लवीला उठून उभं राहता येत नव्हतं. ती खोलीवरच थांबली.

२. नऊ वाजता वर्गाच्या हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे मी सही केली.

३. ती फोन उचलत नाही म्हणून अकरा वाजता तिच्या वडिलांनी इन्स्टिट्यूटला फोन केला. क्लार्कने पत्रक पाहून सांगितलं, "हजर आहे."

४. पावणेसहाला मी माझ्या किल्लीने खोली उघडली. ती बेशुद्ध होती.

५. त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये ती गेली. डेंग्यू.

आज एक महिना झाला.

पल्लवी पिंपळगाव राजा गावची, मी डोणगावची. खामगावला डिप्लोमा एकत्र केला. मग नागपूरला एअरलाइन क्वालिटी मॅनेजमेंटचा कोर्स, एकाच खोलीत राहून.

गावात कुणाला हे काम सांगता यायचं नाही. तिच्या शेजारच्या मावशींनी विचारलं होतं, "विमानात चाय वाटशीन का वं?"

"नाही मावशी. चाय वाटनारीचं विमान पडू नये म्हनून कागद तपासीन."

"मंग त्याले एवढं शिकाच कायले लागते?"

पल्लवी हे महिनाभर सगळ्यांना सांगत होती.

काम खरंच तेवढंच आहे. ज्याने काम केलं त्यानेच सही करायची. जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही असं धरायचं. पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं.

आणि पहिल्या आठवड्यापासूनच आम्ही एकमेकांच्या सह्या करत होतो.

बस चुकली, सही. बँकेत काम, सही. चौदा जणांच्या बॅचमध्ये ही पद्धतच होती. कुणालाच ते खोटं वाटत नव्हतं. मलाही नाही.

त्या दिवशी तर कारण होतं. आणखी एक गैरहजेरी लागली असती, तर विमानतळावरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचं तिचं पत्र हातचं गेलं असतं.

"ताप उतरला बे," ती म्हणाली. "आता फक्त आंगात जीव नाही. तू जाय. माही सही मारजो."

"दवाखान्यात जाऊ आधी."

"सांजच्याले जाऊ. अन् सहीचा लफ्फा विसरू नको, तुही सही लय सरळ असते. पकडल्या जाऊ दोघीबी."

मी उशाशी पाण्याची बाटली ठेवली. आठ चाळीसला निघाले.

ताप उतरल्यावरच डेंग्यूचा धोका वाढू शकतो, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

वर्गात आमचे फोन बाहेर जमा असतात. तिच्या वडिलांचे मला चार मिस्ड कॉल होते. ते मी साडेपाचला पाहिले.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून हिच्यासोबत कोण होतं?"

मी उत्तर दिलं नाही.

जवळजवळ महिनाभर कुणालाच दिलं नाही.

मागच्या रविवारी पिंपळगाव राजाला गेले. काका, म्हणजे तिचे वडील, ओसरीवर बसले होते. त्या दिवशी काय झालं हे विचारणारा अर्ज त्यांनी केला होता, त्याला इन्स्टिट्यूटचं उत्तर आलं होतं. ते पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं.

"विद्यार्थिनी दिवसभर वर्गात हजर होती. प्रकृतीची कोणतीही तक्रार नव्हती."

"लोकं इचारून राह्यले," काका म्हणाले. "दिवसभर चांगली होती, तं राती मेली कशी? म्हनतात, पोरीनं काही खाल्लं असन. डेंगूचा कागद दाखवला, तं म्हनतात कागद काय, कसाबी करता येते."

मग त्यांनी विचारलं, "तू तं संगं होती. दुपारी डबा खाल्ला का वं तिनं?"

मी सांगितलं. वर दिलंय त्याच क्रमाने, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत.



"तिचा मामा नागपुरातच रायते," ते म्हणाले. "अर्ध्या घंट्यात पोचला असता. मी त्याले फोन लावतच होतो. तेवढ्यात तो क्लार्क म्हने, हाजर हाये. मंग मी वावरात गेलो."

मला रागावले असते तर बरं झालं असतं.

निघताना फक्त एवढं म्हणाले, "तो कागद दुरुस्त करून आन मले. पोरीच्या नावावर ते नको."

सोमवारी मी लेखी कबुली दिली. माझं प्रशिक्षण थांबवलं आहे. ते योग्य आहे, त्यावर मला सहानुभूती नको.

पण नोंद बदललेली नाही. एकटीच्या सांगण्यावरून बदलता येत नाही. त्या दिवशी वर्गात असलेल्या आणखी दोघांनी लिहून द्यायला हवं, की पल्लवी आली नव्हती.

बॅचमधले तुम्ही बाकीचे बारा जण त्या दिवशी वर्गात होता. तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती, हे बाराही जणांना माहीत आहे. दुपारी तुमच्यापैकीच एकाने तिथे बॅग ठेवली होती.

मी प्रत्येकाला फोन केला. सात जणांनी उचलला नाही. चौघे "बघतो" म्हणाले. एक जण म्हणाला, "आमच्याही सह्या निघतील ना मग."

हो. निघतील.

तरीही विचारते आहे. माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. असता तर हे इथे सगळ्यांसमोर लिहिलं नसतं.

पल्लवी, तुझा निरोप घेण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही. म्हणून घेत नाही.

बॅचमधल्या बाराही जणांना: एक वाक्य पुरे आहे. "मंगळवारी पल्लवी वर्गात नव्हती." खाली तुमचं नाव आणि तुमची स्वतःची सही.

शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, हो किंवा नाही, मला कळवा.