शिशाच्या तारेची साक्ष

पाण्यातून डोकं वर काढलं की पहिला श्वास बोटीच्या पांढऱ्या धुराचा यायचा. जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायका त्याला विटल्या होत्या.

"दुशिक, आज हा धूर थांबला नाही तर उद्यापासून आम्ही दुसऱ्या बोटीवर," सत्तरीच्या सुनओक मावशीनं बजावलं.

ओक दुशिक या बोटीचं इंजिन तीस वर्षं सांभाळत होता. त्यानं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं, पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवला, हेड पुन्हा आवळलं आणि इंजिन हातानं एक फेरा फिरवलं. चेपलेली तार मोजली, तर हवी त्याच्या दुप्पट जाड. म्हणजे वर फट जास्त राहत होती. हवा पुरती दाबली जात नव्हती, म्हणून पुरती तापत नव्हती, आणि डिझेल अर्धवट जळून धुरात जात होतं.

"कुणाचा हा उद्योग?" मावशीनं विचारलं.

सगळे डिझेलवाल्याला शिव्या घालत होते. दुशिकनं नुसती मान डोलावली असती तरी खपलं असतं.

"माझाच, मावशी. म्हाताऱ्या इंजिनाची ठकठक ऐकवेना. वाटलं, जरा आराम द्यावा. गेल्या हिवाळ्यात हेडखाली सांध्यातल्या पत्र्याची, गॅस्केटची, एकाऐवजी दोन घातली, तेवढं हेड वर उचललं गेलं."

"माझे असे लाड करू नकोस म्हणजे झालं. आम्हीपण ठकठकतो, पण कामाला येतो."

असं तोंडावर कबूल करणारे मिस्त्री बोटांवर मोजण्याइतकेच. दुशिकनं एकच गॅस्केट बसवलं. इंजिन ठकठकत सुरू झालं. ते तापल्यावर मावशी धुराच्या नळीशी नाक नेऊन बराच वेळ उभी राहिली, आणि मग तिनं आपली जाळी बोटीत टाकली.