देगलूरच्या चारच्या बसचा पेन ड्राइव्ह

परवा शनिवारी आमचा पेन ड्राइव्ह देगलूरच्या चारच्या बसमध्ये वेळेवर चढला. यात काय विशेष, असं वाटेल... पण मी स्टँडवर बस वळेपर्यंत हात जोडून उभा होतो.

मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये टेक्निकल काम बघतो. वर्गात लिनक्सवर चालणारा एक छोटा डबा, म्हणजे कॉम्प्युटरच, आहे. तो आठवड्याची लेक्चर्स आणि फळ्याचे हजारो फोटो एका फाइलीत बांधून पेन ड्राइव्हवर उतरवतो.

दर शनिवारी कंडक्टरच्या हाती तो ड्राइव्ह देगलूरजवळच्या एका गावातल्या अभ्यासिकेत जातो. तिथे नेटचा भरवसा नाही. लातूरला राहून शिकणं ज्यांना परवडत नाही, अशा मुली तिथे बसतात.

पूर्वी बस सातला होती. या महिन्यात ती चारला झाली आणि आमचं गाडं अडलं. क्लास एकला सुटतो आणि फाइल बांधायला तीन तासांच्या वर लागायचे... ओळीने दोन शनिवार बस हुकली.

तिसऱ्यांदा हुकली तर हे बंद करू, असं संचालक सर शांतपणे सांगून गेले. त्याच दिवशी अभ्यासिकेतल्या अफरीनचा मेसेज आला. "सर, जुनंच परत परत बघून राहिलो आम्ही."

मी ड्राइव्ह बदलला, पोर्ट बदलला. व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते पुन्हा दाबायला नकोत म्हणून कॉम्प्रेशन बंद केलं. फक्त वीस मिनिटं वाचली.

शुक्रवारी ऑफिसातल्या शांतामावशी चहा घेऊन आल्या. ड्राइव्ह काढून स्टँडवर पोचवायचं काम त्यांचंच. मी सहज विचारलं, हे पहिल्यापासून असंच हळू आहे का...

"न्हाई की. आधी माझा चहा उकळेस्तोवर व्हायचं. त्या खेपंला मी मधीच काढला, तुम्ही लई बोललात मला. तव्हापासून हाय हे असं."

मी डब्यातली सेटिंग उघडली. ड्राइव्ह जोडण्याच्या ओळीत 'सिंक' असा एक पर्याय होता... मीच घातलेला. प्रत्येक बारीक तुकडा ड्राइव्हवर पक्का उतरला, अशी खात्री झाल्याशिवाय पुढचा लिहायचा नाही, असा त्याचा अर्थ. मावशींनी ड्राइव्ह मधेच काढला आणि अर्धवट फाइल गेली, त्या धास्तीने घातला आणि विसरून गेलो.

मला आई आठवली. भूकंपात घर पडल्यावर आम्हाला नवं, पक्कं घर मिळालं, तरी ती कित्येक वर्षं अंगणातच झोपायची, थंडीतसुद्धा. माझी मुलगी जन्मली तेव्हा बाळाला गारवा लागेल म्हणून ती अंथरूण घेऊन आत आली. मग रोज निजण्याआधी एकदा भिंतीला हात लावायची, देवाला नमस्कार करायची आणि शांत झोपायची.

मी तो पर्याय काढला. आता सगळं सलग लिहायचं, शेवटी एकदाच सगळं पक्कं करून घ्यायचं आणि मगच डब्यावरचा हिरवा दिवा लावायचा, अशी सोय केली. चालवून बघितलं... नऊ मिनिटं. विश्वास बसेना म्हणून पूर्ण फाइल सोडवून तपासली. एकही फोटो कमी नव्हता.

मावशींची माफी मागितली. त्या दिव्याकडे बघत म्हणाल्या, "हिरवा लागला की काढू ना? मंग बोलायचं न्हाई."

शनिवारी दीडलाच ड्राइव्ह त्यांच्या पिशवीत होता. बस सुटायला अडीच तास बाकी... तरी मी मागोमाग स्टँडवर गेलोच. सवय एका दिवसात कशी जाईल.

रात्री अफरीनचा मेसेज आला. "सर, आला. समदं उघडलं. आज नवीन धडा."

वाचून झाल्यावर मी एकदा भिंतीला हात लावला, देवाला नमस्कार केला आणि झोपलो.