साठ सेकंदांत न मावलेला ताळा

बिबवेवाडीत त्यांना दीनानाथ सर म्हणतात. मी अहो म्हणते, आणि अलीकडे दिवसातून चाळीस वेळा वैतागून म्हणते.

छत्तीस वर्षं ह्यांनी गणित शिकवलं ते एकाच खोडीवर. फळ्यावर उदाहरण सोडवायचं, त्यात मुलं हमखास करतात तीच चूक मुद्दाम करायची आणि तोंड अगदी गंभीर ठेवायचं. मग ताळा करायचा, म्हणजे आलेलं उत्तर तपासून बघायचं. ताळा जुळला नाही की अख्खा वर्ग ओरडायचा, ‘सर चुकले.’ ते ओरडणं ऐकायलाच हा माणूस शाळेत जायचा, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातही तीच तऱ्हा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, आणि मी जिन्यात पिशव्या घेऊन उभी.

निवृत्त झाल्यावर घरी बसून माझं डोकं खायला लागले. म्हणून माझ्या नणंदेच्या मुलीने, वल्लरीने, ह्यांचे रील काढायचं ठरवलं. ती हिंजवडीत नोकरी करते आणि रविवारी आमच्याकडे जेवते.

‘मामा, फक्त साठ सेकंद. एक रील, एक कन्सेप्ट. लोकांना पेशन्स नाही.’

साठ सेकंदांत ह्यांचा खडूसुद्धा निवडून होत नाही. पण भाचीला नाही कोण म्हणणार?

नववीचं उदाहरण घेतलं: क्ष अधिक तीन, कंसाचा वर्ग. ह्यांनी सवयीने आधी चुकीचं उत्तर लिहिलं, क्ष वर्ग अधिक नऊ. मग क्षच्या जागी दोन घालून ताळा केला. एकीकडे पंचवीस आले, दुसरीकडे तेरा. मग मधलं पद कुठे गेलं ते शोधलं. सगळं मिळून पाच मिनिटं झाली. वल्लरीने ते कंपनीच्या बसमध्ये बसून कापलं. साठाव्या सेकंदाला क्ष वर्ग अधिक नऊ, ह्यांचं गंभीर तोंड, आणि खाली अक्षरं: ‘इतकं सोपं.’

दोन लाख लोकांनी पाहिलं.

‘काढून टाक ते,’ हे फोनवर म्हणाले.

‘अहो मामा, रीच बघा ना. ताळा पार्ट टूमध्ये टाकलाय.’

पार्ट टू चारशे बारा जणांनी पाहिला. त्यांतली एक मी.

मग हे एका बोटाने प्रत्येक कमेंटखाली लिहीत बसले, ‘उत्तर चूक आहे, ताळा करून पाहा.’ वरण गार, भात गार. चौथ्या दिवशी मला हाक मारून फोन पुढे केला. वाघोलीच्या कुणा शेफालीने लिहिलं होतं, ‘सर, पहिल्यांदा गणित समजलं. आज सहामाहीच्या पेपरात असंच लिहिलं. थँक्यू.’

‘माझ्याकडून आजवर कुणी चुकीचं शिकून गेलं नव्हतं,’ हे म्हणाले.

एका प्रश्नाने काय होतंय, असं म्हणणार होते मी. पण मला फार वाईट वाटलं, आणि वल्लरीचा आला त्याहून जास्त राग ह्यांचा आला, साठ सेकंदांत नुसती चूकच दिसणार, इतकं साधं कसं कळलं नाही म्हणून.

ह्यांनी शेफालीला उत्तर लिहिलं, ‘बाळ, चूक माझी आहे, तुझी नाही. मला फोन कर.’ आणि खाली आमचा नंबर. चारचौघांत.

आता वल्लरी रील काढून टाकायला तयार आहे, तर हेच नको म्हणतात. ती मुलगी नंबर शोधायला परत येईल म्हणे. खाली मोठ्या अक्षरांत ‘उत्तर चूक आहे’ एवढं मात्र लिहून घेतलंय. तेव्हापासून फोन थांबत नाही. नांदेड, सोलापूर, कुठून कुठून. प्रत्येकाला हे पाऊण तास शिकवतात.

वाघोलीचा फोन येत नाही. हे आंघोळीला गेले की फोन माझ्याकडे. पोळी तव्यावर सोडून मी धावते आणि आधी तेच विचारते, ‘वाघोलीहून का गं?’

काल एक ‘हो’ म्हणाली. मी हाक मारली, हे साबणासकट बाहेर आले. ती शेफाली नव्हती. पण तिनेही पेपरात तेच लिहिलं होतं.